मागे कोण बघतंय?

गेल्या वैशाखात गावच्या देवळात समाराधनेला भावकी जमली होती. जेवणं उरकल्यावर सभामंडपात दरवर्षीचाच विषय निघाला, जुन्या घरांचं करायचं काय. दापोली तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यालगतच्या वाडीत शंभरी ओलांडलेली नऊ घरं उरली आहेत. त्यांतल्या दोन घरी यंदा दिवाळीनंतर काम काढायचं ठरलं आहे. मुलं सुट्टीला येतात, त्यांना घरातल्या घरात संडास-बाथरूम हवं. सुनांना उभ्याने स्वयंपाक करता यायला हवा. म्हाताऱ्या माणसांना रात्री-अपरात्री काळोखात अंगण ओलांडायला नको. यातली एकही मागणी चैनीची नाही. त्यावर भावकीतले एक ज्येष्ठ काका म्हणाले, ‘‘पुढची पडवी, ओटी, झोपाळा, कोरीव खांब, यातलं काही हलवू नका. ते आपलं वैभव आहे. मागची भिंत मात्र फोडा, दोन खोल्या स्लॅबच्या काढा, वर टाकी बसवा. मागे कोण बघतंय?’’

माना डोलल्या. मीही गप्प बसलो. काकांची हयात बांधकामात गेलेली, आणि या घरांवरचं त्यांचं प्रेम लटकं नाही. त्यांच्याच धाकाने गावातल्या तीन घरांचे सागवानी खांब मुंबईच्या जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडता पडता राहिले. पण त्या दिवशी गप्प बसलो हे मला तेव्हापासून टोचतं आहे. म्हणून हे लिहितो.

काकांचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण ते पोकळ नाही. घराचं रूप दर्शनी भागात असतं, तो राखला की वारसा राखला, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा, वादळवाऱ्यात कौलं उडतात, स्लॅब उडत नाही. तिसरा, जुन्या भिंतीलाच लागून बांधलं की एक भिंत वाचते आणि खर्च कमी येतो. या तिन्ही मुद्द्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे, की घराची मागची बाजू म्हणजे शिल्लक राहिलेली जागा. माझं भांडण या गृहीताशी आहे.

मागे कोण बघतं? आमच्या घरी माझी आजी बघत असे. पहाटे चारला ती मागचं दार उघडायची ते रात्री निजतानाच लावायची. पुढच्या ओटीवर ती किती वेळा बसली असेल, मला आठवत नाही. लग्नमुंजीत, हळदीकुंकवात, बस्स. तिचं घर माजघराच्या उंबऱ्यापासून पुढे नाही, मागे पसरलेलं होतं. स्वयंपाकघर, मागची पडवी, पडवीच्या टोकाला पाणचूल आणि न्हाणीघर, मग विहीर, रहाट, दगडी डोणी, केळी, अळूचा वाफा, गोठा. आंबोशी, फणसाचे गरे, कोकमं, कुळीथ, सगळं वाळायचं ते मागीलदारी. शेजारच्या घरातलं बरंवाईट कळायचं तेही मागच्या गडग्यावरून. बाळंतिणीची खोली मागच्याच अंगाला, कारण गरम पाणी जवळ. विडी ओढत हिशेब करणारे पुरुष पुढे बसत, आणि घर चालत असे ते मागे. आपण ‘दर्शनी भाग राखा’ म्हणतो, तेव्हा पाहुण्याला जे दिसतं ते राखतो. घरातल्या बाईने आयुष्यभर जे पाहिलं ते फोडायला देतो. काकांच्या मनात हे नसेल, पण अर्थ तोच होतो.

शहरातून हा विचार आपल्याकडे आला आहे. पुण्यात पेठांतून फिरलं तर दिसतं, रस्त्यावरचा दिंडी दरवाजा नाहीतर एखादी कोरीव गॅलरी ठेवलेली आणि मागे पाच मजले. त्याला कुणी जतन म्हणतं. शहरात जागेला किंमत आहे, १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी आणि १९६१ च्या पानशेतच्या पुराने खिळखिळे झालेले वाडे, अशी कारणं तरी सांगता येतात. आमच्या वाडीत वीस-वीस गुंठ्यांच्या आवारात एकेक घर आहे. इथे ती लाचारी नाही.

जुन्या वास्तूला नवी भर कशी घालावी यावर जगभरच्या जाणकारांनी बराच खल केला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेत यासाठी स्वतंत्र कलम आहे. वास्तूचे लक्षणीय भाग, तिचा परंपरेने आलेला परिसर, तिच्या रचनेतला तोल आणि भोवतालाशी असलेलं तिचं नातं, यांना उणेपणा येत नसेल तरच भर घालू द्यावी, असा त्याचा आशय आहे. पुढची बाजू आणि मागची बाजू असा भेद त्यात नाही. परिसर म्हटला की त्यात विहीर आली आणि अळूचा वाफाही आला.

आता पाण्याकडे येतो. काकांच्या सूचनेतली सगळ्यात मोठी चूक पाण्याची आहे.

आमच्या घराचं मागचं पाखं लांबीला चाळीस फूट आणि आडव्या मापाने रुंदीला पंधरा फूट आहे. म्हणजे सहाशे चौरस फूट. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. गुणाकार केला तर त्या एका पाख्यावरून चार महिन्यांत दीड लाख लिटरहून जास्त पाणी खाली येतं. शंभर-सव्वाशे वर्षं हे पाणी वळचणीवरून पागोळ्या होऊन मागीलदारी पडलं, दगडी चरातून पोफळींना गेलं आणि भिंतीला शिवलंही नाही. वळचण भिंतीच्या तीन फूट पुढे काढलेली असते ती याचसाठी.

भिंतीला लागून स्लॅब टाकला की या पाण्याचा रस्ता बंद होतो. कोकणातल्या घरांची वळचण फार खाली असते. आमच्या मागच्या पडवीत ती जमिनीपासून जेमतेम साडेसहा फुटांवर आहे. नव्या खोलीला साडेनऊ-दहा फूट उंची हवी. म्हणजे नवा स्लॅब जुन्या वळचणीच्या तीन फूट वर जाणार, आणि जुन्या पाख्याचं पाणी थेट नव्या भिंतीवर आदळणार. मग वाशांची टोकं कापायची, दोन्हींच्या मध्ये पत्र्याचं पन्हळ बसवायचं. ते पन्हळ आषाढात आंब्याच्या आणि फणसाच्या पानांनी तुंबतं, पाणी उलटं वर चढतं आणि कौलांखालून माजघरात उतरतं. हे टाळायला दर आठ दिवसांनी कुणीतरी निसरड्या कौलांवर चढून पानं काढायला हवीत. आमच्या नऊ घरांपैकी चार घरांत पावसाळ्यात सत्तरीच्या पुढचीच माणसं असतात.

दुसरं पाणी जमिनीतून येतं. आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, मातीत रचलेल्या, वरून चुन्याचा गिलावा. जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पावसात ओल पितो आणि हवेत, उन्हात परत सोडतो. चुना त्या ओलीला वाट देतो. त्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, वर चढत जाते, क्षार घेऊन बाहेर फुटते आणि गिलाव्यामागचा दगड भुसभुशीत होतो. नवी खोली जुन्या भिंतीला चिकटवली की भिंतीची बाहेरची बाजू ही आतली बाजू होते. मग तिच्यावर टाइल लागते, तिच्यातून नळ जातात, आणि तिला वाळायला जागाच उरत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्याच घरात वडिलांच्या हयातीत मागे एक स्वयंपाकघर आणि मोरी काढली होती. गावातल्याच एका ठेकेदाराने महिन्याभरात उभी करून दिली. त्याने पायासाठी जुन्या जोत्याला लागून चार फूट खोल चर खणला. जुनं जोतं जेमतेम दोन फूट खाली गेलेलं, तेव्हा त्याच्या बुडाखालची माती सुटली. दोन पावसाळ्यांत मागच्या भिंतीला कोपऱ्यातून तिरकी भेग गेली. माजघराला उजेड मिळायचा तो मागच्या दारातून आणि दोन झरोक्यांतून. ते तिन्ही नव्या खोलीत उघडायला लागले. भर दुपारी माजघरात दिवा लावायची पाळी आली. भिंत कमरेपर्यंत काळी पडली, दाराची चौकट वाळवीने खाल्ली. आणि आईने मागच्या पायरीवर बसणं सोडलं, कारण पायरीच राहिली नव्हती. ती कधी त्याबद्दल बोलली नाही. नवं स्वयंपाकघर तिनेच मागितलेलं होतं, त्यामुळे तक्रार करणं तिला बरं वाटत नसावं. पण संध्याकाळी निवडायची भाजी घेऊन ती कुठे बसावं ते न कळून दोन्ही खोल्यांतून फिरायची, ते मला दिसत होतं. तिने उजेड आणि ओटा मागितला होता. आम्ही तिला ओटा दिला आणि उजेड काढून घेतला.

काकांचा वादळाचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि मंडणगड-दापोलीपर्यंत त्याने जे केलं ते आम्ही सगळ्यांनी सोसलं आहे. नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. छपरं उघडी पडली, आणि ऐन पावसाच्या तोंडावर कौलं मिळेनात. ज्यांच्याकडे एखादी स्लॅबची खोली होती त्यांनी शेजाऱ्यांनाही त्या रात्री आसरा दिला. त्या रात्रीनंतर कुणी स्लॅब मागितला तर त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

पण स्लॅब हवा हे एक, आणि तो जुन्या भिंतीवर टेकवावा हे दुसरं. वादळात आधार देणारी खोली जुन्या घरापासून सुटी असेल तर ती तितकाच आधार देते. उलट सुटी असलेलीच बरी. सिमेंटचा सांगाडा ताठ असतो. जांभ्याची भिंत आणि लाकडी छप्पर थोडं हलतं, थोडं बसतं. दोघांचे पाये वेगळे, खचण्याची गती वेगळी. दोघांना एकत्र बांधलं की भेग पडते ती जुन्या घरालाच, कारण दुबळं ते आहे. पाण्याची हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन झालं. ते मातीत रचलेल्या भिंतीच्या डोक्यावर कशासाठी? आणि जुन्या छपराचं म्हणाल तर रिपा बदलणं, कडेच्या दोन-तीन ओळी कौलं तारेने बांधणं, वासे भिंतीवरच्या लाकडाला लोखंडी पट्टीने जखडणं, हे काम एका उन्हाळ्यात होतं. ते सोडून आपण मागचं छप्परच कापायला निघालो आहोत.

आता काकांच्या विरुद्ध टोकाला उभे असलेल्यांशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. सभामंडपातच आमचा एक भाचा, जो शहरात घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करतो, म्हणाला की मागे बांधा, पण असं हुबेहूब बांधा की नवं कुठलं आणि जुनं कुठलं ते ओळखू येऊ नये. त्याने दाखवलेल्या छायाचित्रांत सिमेंटचे खांब होते, त्यांना लाकडाचा रंग आणि वर साच्यातून काढलेली कमळं. स्लॅबवर शोभेची कौलं चिकटवलेली. त्याची तळमळ कळते, पण हे जुन्याचं अनुकरणही नाही. जुना खांब गोल आणि जाड आहे, कारण तो एका झाडाचा आहे आणि त्याच्यावर छप्पर उभं आहे. कौल उतरतं आहे, कारण पाणी उतरायला हवं. कारण काढून घेतलं आणि आकार ठेवला तर घराला आपण पोशाख चढवला.

जुनं म्हणजे तरी कुठल्या सालचं? आमच्या तुळईवर शके १८१४ कोरलेलं आहे. त्या घरावर सुरुवातीपासून मंगलोरी कौल आहे, आणि आज आम्ही त्याला ‘अस्सल कोकणी’ म्हणतो. पण बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. म्हणजे आमच्या पणजोबांनी घर बांधताना तेव्हाचं सगळ्यात नवं, यंत्रावर दाबून काढलेलं, समुद्रमार्गे आलेलं कौल निवडलं. त्याआधी इथे नळीची कौलं आणि गवत होतं. पणजोबांनी नवी वस्तू घेतली, पण वळचण, उतार आणि पागोळीची जागा बदलली नाही. त्यांच्याकडून घ्यायचं तर ते हे. भारतातल्या असंरक्षित वारशासाठी इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये सनद केली. तिने आपल्याकडच्या कारागिरांच्या हातून होणाऱ्या जीर्णोद्धाराला मान दिला आहे, आणि ते मला पटतं. गावात सुतार असेल, त्याला खुंटी-भोकाचा सांधा येत असेल आणि लाकूड परवडत असेल, तर खुशाल लाकडात बांधावं. तो सुतार आपल्या परंपरेत काम करत असतो. साच्यातली कमळं त्यात बसत नाहीत.

आणि कुणी म्हणेल की जुन्या घराला हातच लावू नका, तर तो माणूस त्या घरात राहत नाही. घरं वाढतच आली आहेत. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ ला झाली तेव्हा तो पुढे झाला तेवढा नव्हताच. तट, दरवाजे, महाल, सवाई माधवरावांच्या वेळचं हजारी कारंजं, असं करत तो वाढला. आमच्याही घराची मागची पडवी मूळची नाही, आजोबांच्या वेळची आहे. तिचे खांब पुढच्यांपेक्षा बारीक आहेत आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं. कुणाला त्यात काही खटकलेलं नाही.

आम्ही आमच्या घरी काय केलं ते सांगतो. वडिलांच्या वेळची ती खोली चार वर्षांपूर्वी उतरवली. तेव्हा आई हयात होती, तिच्याच संमतीने. मागची भिंत खरवडून सिमेंट काढलं आणि दोन पावसाळे तशीच उघडी ठेवून वाळू दिली, मग चुना केला. नवं बांधकाम जुन्या पडवीपासून बारा फूट मागे घेतलं. बारा फूट मी सहज म्हणून धरलेले नाहीत. जुनं जोतं अडीच फूट उंच आहे. नव्या खोल्यांचं जोतं दीड फुटावर ठेवलं, म्हणजे नवी जमीन जुन्यापेक्षा एक फूट खाली. एक फूट उतरायचं आणि म्हातारं माणूस काठी टेकत, किंवा चाकाच्या खुर्चीतून, सुखाने जायचं तर बारा फूट उताराची वाट लागते. तेवढं अंतर सोडलं. त्याने पायऱ्या टळल्या, नव्या खोलीला एक फूट जास्त उंची मिळाली आणि तरीही तिचं आढं जुन्या आढ्याच्या बरंच खाली राहिलं.

त्या वाटेवर दोन्ही बाजूंनी उघडं, पाच फूट रुंद, पत्र्याचं साधं छप्पर आहे. ते जुन्या वळचणीच्या खाली सरकवलेलं आहे, तिला कुठेही जोडलेलं नाही, आणि एका बाजूला किंचित उतरतं आहे. पागोळ्या त्याच्यावर पडतात आणि बाजूला वाहून जातात. भिंत फोडली नाही, मागचं दार होतं तेच वापरलं. सुरुवातीला उंच माणसाला मान लववावी लागते, पण ती त्या दारातून उतरताना पूर्वीही लववावी लागत असे. पलीकडे स्वयंपाकघर, एक निजायची खोली, संडास आणि न्हाणीघर. भिंती चिऱ्याच्याच, पण बाहेरून गिलावा न केलेल्या, वर साधं कौल. फक्त न्हाणीघरावर आणि त्याला लागून असलेल्या खोलीवर स्लॅब आहे. टाकी तिथे, वादळाच्या रात्री बसायची जागाही तिथेच. खिडक्या आजच्या आहेत, मोठ्या, कारण मला जेवण करताना विहीर दिसायला हवी होती.

मधल्या बारा फुटांत आपोआप चौक झाला. दोन्हीकडून घर आणि वर आभाळ. माजघरात परत उजेड आला. आई त्या उताराच्या कठड्याला टेकून बसायची. आता तिथे माझी बायको वालाच्या शेंगा सोलते आणि गडग्यापलीकडच्या काकू तिच्याशी बोलायला येतात.

काका खर्चाचं विचारतील. एक भिंत आणि बारा फूट छप्पर जास्त लागलं, हे खरं. पण पहिल्या वेळची भेग शिवायला, चौकट बदलायला, वाळवीच्या औषधाला आणि शेवटी ती खोली पाडायला जो पैसा गेला तो या जादा खर्चाहून जास्त होता.

त्या दोन घरांची आखणी दिवाळीनंतर व्हायची आहे. चुन्याची फक्की अजून पडलेली नाही. काका, तुम्ही श्रावणात पूजेला येणारच आहात. तेव्हा त्या घरांच्या मागीलदारी माझ्याबरोबर अर्धा तास उभे राहा, पाऊस चालू असताना. पागोळी कुठे पडते तिथे आपण एक खुंटी ठोकू, आणि तुमच्याच हाताने तिथून मागे दोरी धरू.